बेहड्याच्या ढोलीतली चोच

एका अभयारण्यात, टेकडीच्या माथ्यावरच्या जुन्या बेहड्यावर धनेश पक्ष्यांचे एक जोडपे राहत असे. मुलांनो, धनेशांची रीत मोठी न्यारी. अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते, दार लिंपून घेते आणि चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. आत तिची पिसेही झडतात, त्यामुळे उडून जायची सोयच नाही. नर फळे आणून तिला फटीतून भरवतो. पण कोणी पाहत असेल तर तो झाडाकडे फिरकतसुद्धा नाही.

एके सकाळी माणसे आली. त्यांनी माथ्यावर खुंट्या ठोकल्या आणि बेहड्यावर चुन्याची फुली मारली. झाड तोडून तिथे मोबाइलचा टॉवर उभारायचा होता. झाले, जंगलात दोन तट पडले. "दगड मारून पिटाळू या त्यांना," वानर म्हणाला. प्रत्येक दुखण्यावर त्याला तेवढे एकच औषध ठाऊक होते. भेकर मात्र अडून बसले. "गेल्या उन्हाळ्यात वणवा लागला, तेव्हा वनरक्षकाचा फोन लागेना. तो गावापर्यंत धावत गेला, तोवर माझं पाडस गेलं. मला टॉवर हवा."

दुसरा दिवस उजाडला तरी माणसे झाडाखालून हलेनात. धनेश लांबच्या फांदीवर घुटमळत होता. "टॉवर नको असं मी कुठे म्हणतो?" तो म्हणाला. "पण माझी बायको आणि पिल्लू आत आहेत, आणि कालपासून उपाशी आहेत."

पोर गमावलेल्याला दुसऱ्याच्या पोराची काळजी समजावून सांगावी लागत नाही. भेकर म्हणाले, "त्यांना ते झाड रिकामं वाटतंय. जे दिसतच नाही, त्याची गय कोण करणार? तू जा. त्यांच्यादेखत जा."

धनेशांच्या सात पिढ्यांत कोणी असे केले नव्हते. तरी तो माणसांच्या डोक्यावरून उडत आला आणि खोडाला बिलगला. फटीतून एक चोच बाहेर आली आणि अधाशासारखी उंबरे घेऊ लागली.

मोजणी करणाऱ्या साहेबांचा हात थांबला. "अरे, आत कोणीतरी आहे," ते म्हणाले.

"मग जंगलाबाहेरचा तो उघडा कातळाचा सडा बघायचा का, साहेब?" सोबत्याने विचारले. "रेंज जरा कमी मिळेल."

साहेब त्या चोचीकडेच पाहत होते. "मिळू दे. वनरक्षकाच्या चौकीपर्यंत पोचली म्हणजे झालं."

टॉवर सड्यावर उभा राहिला. चौकीतून फोन लागू लागले आणि भेकराला पुन्हा शांत झोप येऊ लागली. पुढे काही आठवड्यांनी धनेशिणीने लिंपलेले दार फोडले. ती बाहेर आली आणि तिच्यामागून, जरा बिचकतच, एक पिल्लू. भेकर चरायचे थांबून मान वर करून पाहत राहिले. त्याला फार बरे वाटले.

तात्पर्य : सोय सर्वांनाच हवी असते, पण ती कुठे उभारायची हे ठरवताना, ज्याला तिथून हलता येत नाही त्याचा विचार आधी करावा.