बरणीतली ईज

"वीज पाहिजे! आजच्या आज! बरणीत भरून!" धोंडगडचा राजा गरजला.

बाहेर आभाळ गडगडत व्हतं. समोर रावबा कापत उभा. ह्यो राजवाड्यातला पतंग करनारा गडी. हातात पतंग, दोरीला लोखंडी चावी. डोंगरावर जाऊन ईज उतरवायची, न्हाईतर घरदार सोडून राज्याबाहेर! डोंगरावर गेला तरी मेला, न्हाई गेला तरी मेला.

झालं काय, दिवाणानं पुस्तकातनं वाचून दाखवलं. अमेरिकेत फ्रँकलिन म्हनून एक सायब व्हता. त्यानं दोरीला चावी बांधून वादळात पतंग उडवला, पतंगावर ईज पडली, ती त्यानं बरणीत धरली. बस्स! राजाच्या डोस्क्यात किडा शिरला. काम ना धाम, दुसरं काय सुचनार!

रावबाची बायको गजरा तरातरा दरबारात घुसली.

"सरकार, ईज पडली तवा दोरी कुनाच्या हातात व्हती?"

"फ्रँकलिनच्याच!" राजा म्हनला.

"मग जाग्यावर मेला आसंल बिचारा!"

"मरतोय कशाला!" दिवाण खेकसला. "पुढं म्हातारपणी त्यानं अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली!"

"कोळसा झालेल्या हातानं?"

दरबारात खसखस पिकली.

"आवं दिवानजी, आमच्या शिवारात चिंचंवर ईज पडली, तर खालचा बैल उभ्याउभ्या गेला. तुमचा सायब बैलापरीस दांडगा व्हता व्हय? ईज पडलीच नसंल! ढगातलं काय थोडंफार दोरीवरनं उतरलं आसंल."

दिवाण खाली बघत पुटपुटला, "जाणकार... तसंच म्हणतात."

पर राजा कसला ऐकतोय! "थोडी तर थोडी! त्याला जमलं, तर रावबाला का नाही?"

"जमंल की! पर सरकार, त्या सायबानं सही केली ती कुनाच्या इरोधात?"

"इंग्लंडच्या राजाच्या!" राजानं छाती फुगवली. "राजालाच धुडकावून लावलं पठ्ठ्यानं!"

गजरा नवऱ्याकडं वळली. "आयकलंत का, धनी? आधी ईज धरायची, मग राजाला धुडकवायचं! सरकार सवता शिकिवत्यात, आनि तुम्ही कापताय? चला, उचला पतंग!"

राजा आसा हसला, आसा हसला, की फेटा सुटून गळ्यात आला!

"अगं ए बाई, धर तुझ्या नवऱ्याला! रावबा, खाली ठेव तो पतंग!"

रावबा सुटला. गजराला राजानं म्हस दिली. आनि दुभती बरं का, भाकड न्हाई!