बाबल मेस्त्रींचा होकार

“पेशंट स्वतः हो म्हणाला आहे, सर. मग अडवायचं कशासाठी?”

डॉ. निषाद परदेशातली मोठी पदवी घेऊन नुकताच परतला होता. आपल्या मुलखातल्या माणसालाही जगातला उत्तम इलाज मिळाला पाहिजे, या ध्यासाने त्याने घाटाखालचं हे लहानसं इस्पितळ निवडलं होतं. छातीच्या रोगांत उभी हयात घातलेल्या रेगे सरांना त्याने गुरू मानलं होतं.

आतल्या खाटेवर बाबल मेस्त्री होते. सत्तरी ओलांडलेले सुतार. क्षय समजून गावात त्यांना वर्षभर त्याचीच औषधं दिली गेली होती. निषादने पाठीला नळी लावली तेव्हा तळाशी बारीक चरचर ऐकू आली, बोटांची टोकं फुगलेली दिसली, आणि त्याने ओळखलं, हा क्षय नव्हे. फुप्फुसांत व्रण धरत होते. ती कडक होत, आक्रसत चालली होती.

क्वचित दिसणारा रोग, आणि त्याच्याही जाती अनेक. नेमकी कोणती, ते फुप्फुसाचा तुकडा काढून तपासल्याशिवाय कळणार नव्हतं.

सरांचं म्हणणं एकच होतं. ही छाती ती शस्त्रक्रिया सोसणार नाही.

निषादला ते पटेना. अंदाजाने औषध देणं म्हणजे पुन्हा तीच क्षयाची चूक. त्याने मेस्त्रींजवळ बसून, चित्र काढून सगळं समजावलं होतं, जिवाचा धोकासुद्धा. काही शंका असेल तर विचारा, असंही म्हटलं होतं. मेस्त्री धापेतून नुसते “बरां” म्हणाले होते.

“मी काही लपवलं नाही, सर. ज्याचा जीव, त्याचा निर्णय.”

“खरंय,” सर म्हणाले. “शर्ट काढ.”

निषाद बटणांशी हात नेऊन थबकला.

“लाजू नकोस. इथे सगळे छातीच दाखवायला येतात.”

त्यांनी कपाटातून रुंद पट्टीचं भेंडोळं काढलं. श्वास पूर्ण सोडायला लावला आणि रिकाम्या छातीभोवती पट्टी आवळली. वेढ्यावर वेढा. मग टेकडीवर जाणाऱ्या जांभ्याच्या पायऱ्यांकडे बोट दाखवलं.

तो तावातावाने गेला. परतला तो भिंत धरधरून. डोळ्यांपुढे काजवे. हवा गळ्यापर्यंत येत होती, खाली उतरत नव्हती.

पट्टी न सोडताच सर समोर खुर्ची ओढून बसले आणि शांतपणे समजावू लागले. निषादचं इथलं काम आजपासून बंद. मेस्त्रींना तो यापुढे पाहणार नाही. संध्याकाळच्या एसटीने त्याने निघायचं. कारणंही त्यांनी दिली, एकेक करून, कसलीही घाई न करता.

“काही विचारायचंय?”

निषादने तोंड उघडलं. खोकला आला. पुन्हा उघडलं.

...

शेवटी त्याने मान हलवली. हे बोलणं एकदाचं संपावं, एवढ्यासाठीच.

“म्हणजे,” सर उठता उठता म्हणाले, “तुझीही काही हरकत नाही. मेस्त्रींसारखीच.”