हिऱ्यातला डाग

दोन वर्षं फक्त व्हिडिओ कॉलवर दिसलेली ऋता रविवारी कॅनडाहून येणार होती, आणि निनादला विमानतळावरच तिच्या बोटात अंगठी घालायची होती. सराफाच्या दुकानात त्याला अंगठीचं डिझाइन आवडलं, खिशाला झेपेल असा हिराही मिळाला.

पण दुकानाच्या शेठनी नाक मुरडलं. "यात डाग आहे. आमच्या डिझायनर अंगठीत असला हिरा बसवत नाही. हा दुसरा तेवढाच मोठा, पण बिनडागी घ्या. तिप्पट पडेल."

निनादने दोन्ही हिरे मुठीत खुळखुळवले. "आता भिंगाशिवाय सांगा शेठ, डाग कशात आहे?"

शेठनी डोळे बारीक केले, मग हळूच भिंगाकडे हात नेला.

"बघा, तुम्हालाच दिसेना! ती तर दोन वर्षांनी भेटतेय हो. डोळ्यांत पाणी असताना तिला कुठून दिसणार?"

शेठनी भिंगातून डागवालाच हिरा शोधला आणि अंगठीत बसवायला घेतला.