चारच तर बोटं

एका गावाला एकच वेस होती, आणि तीही अरुंद. गावाभोवती दगडी भिंत आणि आतबाहेर करायला एवढीच वाट. गावातला देव दर चैत्रात रथातून मिरवायचा. जुना रथ वाळवीने खाल्ला, तेव्हा नवा करायचं ठरलं.

नव्या रथाची तिथली रीत अशी होती, की तो वेशीबाहेरच्या मांडवात घडवायचा आणि जत्रेच्या दिवशी सूर्य डोक्यावर यायच्या आत वेशीतून गावात आणायचा. उशीर झाला तर देव त्या वर्षी पालखीत बसायचा आणि रथ बाहेरच राहायचा.

काम गावच्या म्हाताऱ्या सुताराकडे आलं. त्याने वेशीत बांबू आडवा धरून माप घेतलं, तेवढ्यावर बांबू कापला. मग त्यातून आणखी एक वीत, म्हणजे बारा बोटं, कापून टाकली.

“रथाची रुंदी या काठीएवढी,” तो पंचांना म्हणाला.

“बारा बोटं फुकट कशाला घालवतोस?” पाटलाने विचारलं.

“फुकट नाहीत, पाटील. रथ ओढणारी माणसं काय आखलेल्या रेघेवरून चालतात? इकडेतिकडे व्हायला जागा नको?”

सगळ्यांना पटलं. सगळ्यांनी काठीला हात लावून हो म्हटलं. इथपर्यंत सगळं छान होतं. इथपर्यंत सगळं नेहमीच छान असतं.

सुताराची बायको दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळली होती. त्यांचं घर वेशीच्या आत पहिल्याच वळणावर, आणि तिची खाट खिडकीला लागून. रथ त्याच खिडकीखालून जाणार होता.

“यंदा माझ्या हातचा रथ तुला पडल्या पडल्या दाखवतो,” तो तिला म्हणाला.

“बघू,” ती म्हणाली. पण त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली.

दसऱ्यानंतर काम सुरू झालं. महिन्याभरात चाकं झाली, दोन चाकांना जोडणारा शिसवी आख झाला. तेवढ्यात पाटील मांडवात आला.

“सुतारमामा, बैठक जराशी रुंद करा. देवाच्या दोन्ही बाजूंना माझे दोन लेक बसतील.”

“बैठक रुंदावली की चाकं बाहेर सरकतात, पाटील. चाकं सरकली की आख नवा करावा लागतो.”

“मग करा की नवा. किती वाढेल? चार बोटं? चारच तर बोटं!”

सुताराने समजावून पाहिलं. पाटील ऐकत होता, पण ऐकल्यासारखं करून ऐकत होता. शेवटी सुतार हो म्हणाला आणि पुढचे पंधरा दिवस नवा आख तासत बसला.

घरी आल्यावर त्याने बायकोला सांगितलं.

“अहो, काठी लावून दाखवायची ना,” ती म्हणाली.

“वाद कोण घालत बसणार? बारातली चार गेली. आठ आहेत अजून.”

मग वाणी आला. त्याला बैठक आणि चाकं यांच्या मध्ये पितळी घंटांची रांग हवी होती. हवी होती कसली, घंटा ओतून घेऊनच आला होता. देवाच्या घंटा परत कशा पाठवायच्या? पुन्हा चाकं चार बोटं सरकली, पुन्हा आख बदलला. सुताराचा उजवा खांदा आता रात्रंदिवस दुखायला लागला होता.

पौषात पुजारी आला, तेव्हा तर सुताराने तो काय म्हणतोय हे पुरतं ऐकूनही घेतलं नाही. आरती ओवाळताना उभं राहायला बाजूला फळी हवी होती, म्हणजे आणखी चार बोटं. “करतो,” एवढंच म्हणून त्याने रंधा उचलला. नाही म्हणायला जेवढं बळ लागतं तेवढं आख घडवायलाही लागत नाही, असं त्याला वाटू लागलं होतं. मापाची काठी त्याने मांडवात दोरीने टांगली होती आणि तिच्यावर त्याचं पागोटं वाळत असे.

बायको मात्र रोज विचारायची, “काठी लावलीत का?”

“लावतो गं उद्या.”

एका संध्याकाळी ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “माझ्या माहेरी पेरूवर पोपट यायचे. इथे एक दिसत नाही.”

सुतार दुसऱ्या दिवशी मांडवात गेला आणि त्याने नव्या आखाच्या दोन्ही टोकांना एकेक पोपट कोरायला घेतला. रथ खिडकीखालून जाईल तेव्हा एक पोपट बरोबर तिच्यासमोर येणार होता. टोकं थोडी लांब ठेवावी लागली. दोन्हीकडची मिळून चारच तर बोटं. या बदलासाठी त्याला कोणाशी वाद घालावा लागला नाही, कारण मागणारा तोच आणि देणाराही तोच. सगळ्या कामात एवढंच काम त्याने मनापासून केलं.

जत्रेच्या सकाळी आख पुजला. एकदा आख पुजला की जत्रा संपेपर्यंत रथाचा सांधा खोलायचा नाही, असा दंडक होता. पन्नास माणसांनी दोर ओढले, हलगी कडाडली, रथ डौलात निघाला आणि वेशीपाशी खाडकन थांबला. दोन्ही पोपटांच्या चोची दोन्हीकडच्या दगडांना टेकल्या होत्या.

चार बोटांनी रथ अडला होता.

“माझी चार बोटं तर बारात बसत होती,” पाटील म्हणाला. वाणीही तेच म्हणाला, पुजारीही. तिघंही खरंच बोलत होते.

“वेस पाडा!” गर्दीतून कोणीतरी ओरडलं. वेशीवरच्या शिळांकडे बघून ते बोलणं तिथेच थांबलं. बैठक कापता येत नव्हती, घंटा किंवा फळी काढायची तर सांधे खोलावे लागले असते. झटपट कापण्यासारखी गोष्ट एकच होती. पोपट गेले तर घासत का होईना, रथ आत शिरला असता.

सुताराने करवत घेतली आणि आपल्याच पोपटाच्या मानेवर ठेवली. शिसव लोखंडासारखं कठीण असतं. पहिला पोपट खाली पडला तेव्हा सुताराचा खांदा पार गेला होता. दुसरा निम्मा कापून झाला असेल, तोच देवळातून शंख वाजला. सूर्य डोक्यावर आला होता. देव पालखीत बसला.

सुताराने दुसरा पोपट कापून पुरा केला. आता घाई नव्हती. दोन्ही पोपट उपरण्यात बांधून तो घरी गेला आणि त्याने ते खिडकीत ठेवले.

बायकोने एकावरून हात फिरवला. “छान झालेत हो,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, “रथ आला नाही.”

“पुढच्या वर्षी आणतो.”

“काठी लावाल ना?”

“लावतो गं.”

आणि खरंच त्याने लावली. जत्रा संपली, तसा रथ खोलला आणि काठी मांडवाच्या दारात आडवी बांधली. आत यायचं तर तिच्याखालून वाकूनच यावं लागे. पाटील पुन्हा रुंद बैठक मागायला आला, तेव्हा सुतार म्हणाला, “देतो की चार बोटं. पण रथ ओढणाऱ्यांतल्या कोणाची काढून देऊ तेवढं सांगा, आणि त्यांना आधी विचारून या.” पाटील गेला तो परत आला नाही. घंटा देवळात टांगल्या गेल्या, पुजारी मंदिराच्या पायरीवरूनच आरती करायला तयार झाला. गंमत म्हणजे कोणाचंच काही अडलं नाही.

पुढच्या चैत्रात साधासुधा रथ वेशीतून सहज आत आला. दोन्ही बाजूंना सहा-सहा बोटं मोकळी होती. पहिल्या वळणावर तो सुताराच्या खिडकीखालून गेला. खिडकीत दोन शिसवी पोपट होते, आतली खाट मात्र माघातच रिकामी झाली होती. सुतार खाटेच्या कडेवर बसून रथ जाताना बघत राहिला.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: कामात बदल मागणारा प्रत्येक जण थोडंच मागतो, म्हणून हो म्हणण्याआधी आजवर दिलेलं सगळं मोजावं, आणि त्यात आपण स्वतःला दिलेलंही धरावं. काम पुढच्या वर्षी नीट करता येतं, पण ज्याच्यासाठी केलं ते माणूस तोवर थांबेलच असं नाही.