ताम्हणातलं पाणी

“मग तुटला कसा?”

आक्कांनी विचारलं. त्यांच्या उजव्या खांद्यावर हळदीचा लेप होता आणि वरून फडकं बांधलेलं होतं.

ऋजुतानं लॅपटॉप घाटाच्या कट्ट्यावर ठेवला. “तुटायला नको होता.”

“ते मलाही वाटतंय. खांदा माझाय.”

घाटावरच्या दगडी भिंतीत लोखंडी हाताचं आता खोडच तेवढं उरलं होतं. त्या हाताला मठाची घंटा टांगलेली असे, नव्वद किलोची. थंडीत नदीवर धुकं उतरलं की पलीकडचा काठ दिसत नाही. मग मठ सांभाळणाऱ्या आक्का दोरी ओढत राहायच्या आणि सिदू नावाडी आवाजाच्या रोखानं नाव आणायचा. पलीकडच्या वाडीतल्या अकरा मुली रोज तशाच शाळेला येत. दहा वर्षांपूर्वी त्या नावेत ऋजुताही असायची.

जुना हात साठ वर्षं टिकला आणि शेवटी गंजून गेला. नवा ऋजुतानं आखून दिला. इंजिनिअरिंगचं पुढचं शिक्षण चालू होतं तिचं, सांगलीला. हात दुप्पट जाड केला होता. अठराव्या दिवशी तो मोडला. घंटा आक्कांच्या खांद्याला घासून पायरीवर आदळली.

आता घंटा पोत्यावर आडवी पडली होती. धुक्यातली नाव सहा दिवस बंद होती. सोमवारपासून मुलींची दहावीची सराव परीक्षा होती. मठाच्या पंचांनी सांगून टाकलं होतं, शनिवारपर्यंत जमलं नाही तर घंटा कायमची आत ठेवायची.

आज मंगळवार.

“पंच काय म्हणतात माहितीय?” ऋजुता म्हणाली. “पोरीला काम दिलं म्हणून पडलं. हेच एखाद्या पोरानं आखलं असतं तर म्हणाले असते, लोखंड खराब निघालं.”

“तू काय म्हणतेस?”

“लोखंडच खराब होतं.”

“म्हणजे त्यांनी पोराला जी सूट दिली असती, ती तुझी तूच घेतलीस.”

पायरीवर जाळं विणत बसलेला सिदू खाली मान घालून हसला.

ऋजुताचे कान तापले. तिनं लॅपटॉप उघडला.

“तुम्ही आधी बघा तरी. हा आपला हात. संगणकात मी त्याचे चाळीस हजार तुकडे केलेत. अख्खा हात एकदम कुणालाच सुटत नाही, आक्का. तुकडा सुटतो. एका तुकड्याचं गणित त्या नावेतल्या पोरींनाही येईल. एक दबला की शेजारच्याला ढकलतो, तो त्याच्या शेजारच्याला... सगळ्यांचं मिळून उत्तर येतं. आणि ते दिसतं. रंगात दिसतं. लोखंडाच्या पोटात काय चाललंय ते.”

बोलता बोलता तिचा राग कुठल्या कुठे गेला होता. ती गुडघ्यांवर आली होती.

“निळं म्हणजे निवांत. लाल म्हणजे तिथं मोडणार.”

आक्का पडद्याजवळ वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

“देखणं आहे गं.”

“आहेच.”

“लाल कुठंय?”

“इथं. कोपरात. तेही धोक्याच्या बरंच अलीकडे.”

“आणि मोडला कुठं?”

“बुडाशी. वरच्या बोल्टच्या भोकातून.”

“तिथं रंग कोणता?”

“निळा.”

“निवांत,” सिदू म्हणाला.

“सिदूमामा, तुम्ही जाळं विणा.” ऋजुता आक्कांकडे वळली. “मलाही ते खटकलं. म्हणून मी तुकडे आणखी बारीक केले. चार लाख केले. तरी निळा. मग नऊ लाख केले. कॉलेजातला संगणक तासभर गुरगुरत होता. तरी निळाच. नऊ लाख तुकडे खोटं बोलणार नाहीत. म्हणून म्हणते, लोखंड.”

“प्रत्येक तुकडा शेजारच्याशी बोलतो?”

“बोलतो म्हणजे... हो. तसंच.”

“शेवटच्या तुकड्याचा शेजारी कोण?”

“भिंत.”

“ती काय म्हणते?”

“काही नाही. भिंत फिक्स केलीय. म्हणजे ती हलतच नाही असं धरायचं. सगळे तसंच धरतात.”

“तुला कुणी सांगितलं, हलत नाही म्हणून?”

“सांगायला कशाला पाहिजे? दीड हात जाड भिंत आहे, आक्का. दगडी. तुमच्या गुरूंच्याही आधीची.”

आक्का उठल्या. मठात गेल्या.

ऋजुता पुटपुटली, “आता प्रसाद देतील आणि घरी पाठवतील. म्हाताऱ्या माणसांना उत्तर नसलं की प्रसाद असतो.”

“मी पण म्हाताराच हाय,” सिदू म्हणाला.

आक्का तांब्याचं ताम्हण घेऊन आल्या. नदीत बुडवून ते काठोकाठ भरलं. भिंतीत, लोखंडाच्या खोडाशेजारी दिव्याचा कोनाडा होता. त्यातला दिवा काढून तिथं ताम्हण ठेवलं आणि पाणी स्थिर व्हायची वाट बघितली.

“लोंबकळ.”

“कुठं?”

“त्या खोडाला.”

“मी?”

“घंटा नव्वद किलो. तू किती?”

“पन्नास.”

“सिदू, तूही ये.”

“आक्का, माझं वय बघा...”

“वय कोण विचारतंय? वजन घेऊन ये.”

खोडाला नावेची दोरी बांधली. दोघांनी ती धरली. आक्का टोलाच्या लयीत सांगू लागल्या.

“ओढ... सोड. ओढ... सोड.”

ऋजुताला हसू येत होतं. पंचांपैकी कुणी आत्ता बघितलं तर आयुष्यभर पुरलं असतं त्यांना. तिनं मान वर करून कोनाड्याकडे पाहिलं.

हसू थांबलं.

ताम्हणातल्या पाण्यावर वलयं धावत होती. काठापासून मध्याकडे, मध्यापासून काठाकडे.

“थांबा,” ती म्हणाली.

पाणी हळूहळू निवलं.

“पुन्हा.”

ओढलं. वलयं उठली.

“पुन्हा, सिदूमामा. जोरात.”

“आता हिला चढलं,” सिदू म्हणाला आणि जोरात ओढलं.

ऋजुतानं दोरी टाकली. पिशवी पालथी केली, त्यातून काटा असलेलं घड्याळासारखं यंत्र काढलं. केसाच्या दहाव्या भागाएवढी हालचालही त्या काट्याला कळते. ते तिनं बांबूच्या तिकाटण्यावर बसवून भिंतीला टेकवलं. खोडाला वाळूचं पोतं टांगलं. काटा सरकला. दुसरं टांगलं. आणखी सरकला. काढून घेतलं, काटा परत आला.

“हलतेय,” ती म्हणाली. “ही बया हलतेय. दगड हलत नाहीत, दगडांमधला चुना दबतोय आणि उठतोय. केसाएवढं. अर्ध्या केसाएवढं. पण हलतेय.”

दुपारचं जेवण तसंच राहिलं. ऋजुतानं संगणकातली भिंत सोडवली. जिथं फिक्स लिहिलं होतं तिथं प्रत्येक दगडामागे एकेक स्प्रिंग दिली, काट्यानं दाखवली तेवढीच ताठ. तुकडे नऊ लाखांवरून पुन्हा चाळीस हजारांवर आणले. लॅपटॉपचा पंखा घरघरू लागला.

रंग उमटले.

कोपर फिकट झालं. हिरवं. लाल तिथून निघालं होतं. खाली सरकत सरकत बुडाशी गेलं होतं आणि वरच्या बोल्टच्या भोकाला विळखा घालून बसलं होतं.

ऋजुतानं मोडका तुकडा उचलून पडद्याशेजारी धरला. चीर ज्या अंगाला तिरकी गेली होती, लालही त्याच अंगाला तिरकं होतं.

तिनं एवढ्या जोरात उडी मारली की शेवाळावरून पाय सटकला. सिदूनं दंड धरला म्हणून ती नदीत गेली नाही.

“मामा, सापडलं. सापडलं.”

“तू बी सापडली असतीस, चार दिवसांनी, बंधाऱ्यापाशी.”

ती ऐकत नव्हती. धावत मठात गेली. अडगळीतून जुन्या हाताचा गंजका तुकडा आणला, मापं घेतली, तोही संगणकात चढवला. बारीक, सडपातळ हात. पंखा पुन्हा घरघरला. बोल्टच्या भोवती फक्त हिरवं होतं.

ती हळू आवाजात म्हणाली,

“तो वाकायचा, आक्का. प्रत्येक टोलाला थोडा वाकायचा. झटका अंगावर घ्यायचा, भिंतीपर्यंत सगळा जाऊच द्यायचा नाही. बारीक होता म्हणून टिकला. मी जाड केला... आणि मग रोज सकाळी त्या एका बोल्टला घणानं हाणत राहिले.”

“आणि लोखंड?”

“लोखंड चांगलं होतं.”

“मग पंचांना सांग.”

“काय?”

“आत्ता म्हणालीस तेच.”

ऋजुतानं लॅपटॉप मिटला. उघडला. पुन्हा मिटला.

“ते मला फाडून खातील.”

“खाऊ देत. तुला नाव चालू करायचीय की बरोबर ठरायचंय?”

ती गेली. पारावर चौघे बसले होते. तिनं उभ्यानंच सांगितलं. चूक माझी होती, लोखंडाची नव्हती, वेल्डरचीही नव्हती. नवा हात बारीक असेल. बुडाची पट्टी लांब असेल, चार दगडांना मिळून धरेल. पट्टी आणि दगडाच्या मध्ये बाभळीची फळी असेल.

थोरल्या पंचांनी विचारलं, “जाड मोडला आणि आता बारीक टिकणार? पोरी, आमचे केस उन्हानं पांढरे झाले नाहीत.”

“कशानं झाले ते तुम्हाला माहीत, काका. मी आधी घंटेच्या तिप्पट वजन टांगते. दोन दिवस. एक पोतं जरी पडलं, तर घंटा तुमची, आत ठेवा. नाही पडलं, तर सोमवारी नाव सुटेल आणि तुम्ही कुणी मध्ये बोलायचं नाही.”

तिच्या मागे कधीतरी सिदू येऊन उभा राहिला होता. तो म्हणाला, “नाव माझीय. मी सोडणार.”

गुरुवारी हात बसला. शुक्रवार-शनिवार पोती लोंबकळली. दर तासाला ऋजुता काटा बघत होती, वहीत लिहीत होती, पोती काढून पुन्हा लावत होती. काटा प्रत्येक वेळी जिथून निघाला तिथं परतला. रविवारी घंटा चढली. ती वाजली तेव्हा ऋजुता भिंतीला गाल लावून उभी होती. कुणी काय म्हणेल याचं तिला काही नव्हतं.

सोमवारी सकाळी सातला धुकं एवढं दाट होतं की खालून पाचवी पायरी दिसत नव्हती.

आक्कांचा खांदा अजून बरा नव्हता, म्हणून दोरी ऋजुताच्या हातात होती. पलीकडे, न दिसणाऱ्या काठावर, सिदू अकरा मुलींना नावेत बसवत होता. त्यांची कुजबुज पाण्यावरून येत होती. कुणीतरी मोठ्यानं समीकरण पाठ करत होतं.

कोनाड्यात ताम्हण तसंच होतं, काठोकाठ भरलेलं.

“ते आता कशाला, आक्का?” ऋजुता म्हणाली. आनंद तिच्या आवाजात मावत नव्हता. “आता भिंतसुद्धा गणितात आहे. दगडन् दगड. मी काल अख्खी भिंत घातली आत. सगळं जुळतंय, अगदी काट्याला काटा.”

“अख्खी?”

“अख्खी. खाली फक्त पाया तेवढा फिक्स धरलाय. तो काय हलतोय.”

आक्कांनी डाव्या हातानं ताम्हण कोनाड्यातून उचललं. पाणी सांडू न देता दोन पायऱ्या उतरल्या. जिथं भिंत संपून घाटाचा पाया सुरू होतो, तिथल्या दगडावर ते ठेवलं आणि शेजारी बसल्या.

पाणी डुचमळलं... निवलं... आरशासारखं झालं.

पलीकडून सिदूची लांब हाक आली. नाव सुटली होती.

ऋजुताची नजर ताम्हणावर खिळली होती. दोरी हातात तशीच राहिली होती.

आक्का म्हणाल्या, “आता वाजव.”