मठाला दिलेलं पुस्तक

“…मग ही पुस्तकं ठेवून घ्याल ना, बुवा?”

श्रीरंगनं जड पिशवी मठाच्या ओसरीवर टेकवली. टेकडीवर सकाळचं धुकं इतकं दाट, की समोर बसलेले निरंजनबुवा मधूनच दिसत, मधूनच विरून जात. आपण स्वप्नात तर बोलत नाही ना, असं त्याला वाटलं. गेला महिनाभर त्याला असंच वाटत होतं.

“डॉक्टरकीची दिसतात. परीक्षा झाली?”

“पंधरा दिवसांनी आहे.”

“मग?”

“आता लागायची नाहीत मला.”

बुवांनी पिशवी बाजूला सारली.

“जीव द्यायचं मनात आहे का रे?”

जेवलास का, असं विचारावं तसं त्यांनी विचारलं.

श्रीरंग वर्गात पहिला. साऱ्या बॅचला नोट्स त्याच्याच लागत. खचलेल्या दोन मुलांना त्यानं स्वतः हाताला धरून कॉलेजातल्या समुपदेशक बाईंकडे नेलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्याला मात्र सगळे एकच विचारत, अभ्यास कसा चाललाय?

“हो,” तो म्हणाला, आणि हमसून हमसून रडला. बुवांनी त्याला पोटभर रडू दिलं. रडता रडता त्यानं सगळं सांगितलं, त्या समुपदेशक बाईंचंही.

“खोलीवर सोबतीला कोण असतं?”

“भूषण.”

“त्याला इथं बोलावून घे. आज एकट्यानं खाली उतरायचं नाही. आणि त्या बाईंनाही फोन लाव.”

“त्यांच्याकडे मी दुसऱ्यांना नेतो, बुवा…”

“म्हणजे वाट माहितीये. बरंच झालं.”

श्रीरंगनं दोन्ही फोन लावले. बाईंनी दुपारीच यायला सांगितलं. भूषणनं तर पुढचं ऐकलंच नाही. “तिथंच थांब, निघालो,” एवढंच म्हणाला.

“आता पुस्तकांचं,” बुवा म्हणाले. “मठाची एक रीत आहे. धान्य देणाऱ्यानं रांधून वाढायचं. रोप देणाऱ्यानं ते जीव धरेपर्यंत पाणी घालायला यायचं. पुस्तक देणाऱ्यानं ते वाचून दाखवायचं. रोज एक पान.”

“पण तुम्हाला यातलं काही कळणार नाही!”

“मला कुठं पास व्हायचंय?”

श्रीरंगनं सगळ्यात जाडजूड पुस्तक मांडीवर घेतलं, शेवटचं पान उलटून पाहिलं. कितीतरी दिवसांनी त्याला थोडं हसू आलं.

“अकराशे पानं आहेत, बुवा. तीन वर्षं जातील.”

बुवांनी भिंतीला पाठ टेकली. डोळे मिटले.

“जाऊ देत. मला घाई नाही.”