कुंभारआळीतला पिकअप

चूक थोरल्या पिकअपचीच. गाड्या बोलायच्या तेव्हाची ही गोष्ट. कुंभारआळी अरुंद, म्हणून लांब गाड्या आत उलट्याच शिरायच्या आणि सरळ बाहेर पडायच्या.

"काका, तुमचा वळसा मोठा. उलटे या," रिक्षा म्हणाली.

"तीन चाकांची पोर मला शिकवणार? या वयात मी पाठ दाखवू?"

वय झालं म्हणजे अक्कल आलीच, असं त्याला वाटायचं. तो सरळ घुसला आणि परतताना वळायला गेला, तर दोन भिंतींमध्ये आडवा अडकला. तेवढ्यात रिक्षा आळीतल्या गायीचं आजारी वासरू घेऊन डॉक्टरकडे निघाली.

"काका, सरका हो! याला धाप लागलीय!"

पिकअप पुढे-मागे धडपडला, पण सुटला नाही. वासरानं रिक्षातच जीव सोडला. रिक्षामागून चालत आलेली गाय नुसती पिकअपकडे बघत राहिली. तिला तोंड दाखवायची त्याची हिंमत पुन्हा कधी झाली नाही.